हंगाम सुरू झाल्यावरची शाळा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आहे. बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरातली जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी मॅडमकडे, तिसरी-चौथी सरांकडे. परिपाठ आटोपतो, सर हजेरी घेऊ लागतात आणि दर तिसऱ्या-चौथ्या नावाला बाकीची मुलंच उत्तर देतात, "कारखान्याला गेला, सर." सर वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतात : कुठला साखर कारखाना, मुकादम कोण, ऊसतोडीची टोळी कधी निघाली. पालकांचा फोन लागला, तर मुलाला तिथल्या शाळेत बसवा म्हणून सांगायला हीच माहिती लागते.

मग तिसरीचं वाचन सुरू होतं. कुणी अक्षरं ओळखतं, कुणी शब्द वाचतं, कुणी परिच्छेदापर्यंत पोचलं आहे. कोपऱ्यात बसलेली एक मुलगी परिच्छेद सरळ वाचत येते आणि एका शब्दापाशी अडते. "पाय... पायया..." पुढे जात नाही, मागेही येत नाही. सर शब्द सांगत नाहीत.

"व्हरांड्यातून मैदानात कशी उतरतीस?"

"पायरीवरून."

"एकच हाय का पायरी?"

"न्हाई. तीन पायऱ्या हायत."

"मग?"

तिचं बोट पुन्हा त्या शब्दावर जातं. "पायऱ्या!" सर फळ्यावर लिहितात : दोऱ्या, कैऱ्या, सुऱ्या. ती तिन्ही शब्द एका दमात वाचते. चौथा शब्द ती स्वतःच खडू घेऊन लिहिते, "भाकऱ्या". मला शाळेचा दर्जा या दोन मिनिटांत दिसतो. मूल कुठं अडलं हे शिक्षकाला नेमकं कळलं आणि त्याच्यापाशी थांबायला त्याला वेळ होता.

तो वेळही हिसकावून घ्यावा लागतो. तेवढ्यात केंद्रावरून फोन येतो, कसलीशी माहिती दुपारच्या आत हवी आहे. सर व्हरांड्यात जाऊन मोबाइलवर आकडे भरतात, तोवर चौथीची एक मुलगी तिसरीला पाढे म्हणायला लावते. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक बसतात, पण एका शिक्षकाकडे दोन इयत्ता आल्या की काय होतं, हे निकषात दिसत नाही.

२०२४च्या 'असर' पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या २३.४ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. २०२२ साली हे प्रमाण १६.३ टक्के होतं. सुधारणा खरी आहे आणि ती अशाच वर्गांतून आली आहे. पण इथं आज जे मूल परिच्छेद वाचतं, ते हंगाम संपून उन्हाळ्यात परत येतं तेव्हा पुन्हा शब्दांवर आलेलं असतं. त्याचं अर्धं वर्ष उसाच्या फडात गेलेलं असतं. शाळेला नापास ठरवणाऱ्यांनी आधी हे अर्धं वर्ष मोजावं, असं मला मनापासून वाटतं.

मधल्या सुट्टीत खिचडीच्या पंगतीपाशी एक आजी येऊन उभी राहते. सकाळी अडलेल्या मुलीची आजी. धाकटी नातही याच शाळेत, पहिलीत आहे.

"गुरुजी, उद्या ट्रॅक्टर निघायचाय. थोरलीला नेत्यात."

"कशापायी, आजी?"

"तान्हं हाय ना. आई-बाप फडात गेल्यावर कोपीवर त्याला कोण बघील?"

सर तिच्याशेजारी ओट्यावर बसतात. हंगामी वसतिगृहाचं समजावून सांगतात : दोन्ही वेळचं जेवण शाळेत, झोपायला पोरी आजीपाशीच. आजीला जेवणाची चिंता नाही. पण लेकानं मुकादमाकडून उचल घेतली आहे, नवरा-बायकोचा एक कोयता भरला आहे. बाळापायी सुनेनं कोयता टाकला, तर उचल फिटायची नाही. आठ वर्षांच्या मुलीच्या शाळेचा निर्णय त्या हिशेबात होतो, आणि त्या हिशेबावर या दोन खोल्यांत बसून कुणाचीच सत्ता चालत नाही. तरी सर सोडत नाहीत.

"बाळालाच तुमच्यापाशी ठेवलं तर?"

"अंगावर पितंय अजून."

सर थोडा वेळ गप्प बसतात. मग आत जाऊन शिक्षण हमी पत्रक आणतात. नेलंच तर तिथल्या शाळेत हे दाखवायचं, म्हणजे मुलीला कुठपर्यंत येतं ते तिथल्या शिक्षकाला कळेल. वाचनाच्या रकान्यात ते 'परिच्छेद' लिहितात. पत्रक मात्र आजीच्या हातात देत नाहीत, खिशात ठेवतात.

"वसतिगृहाच्या यादीत दोघींची नावं घालतो, आजी."

"घाला. पर तिच्या बापाला तुमीच सांगा. माझं न्हाई ऐकत त्यो."

"शाळा सुटली की वस्तीवर येतो. घरीच थांबायला सांगा त्याला."

मधली सुट्टी संपते. सर तिसरीला हातच्याची वजाबाकी घालतात आणि पहिलं उदाहरण सोडवायला त्याच मुलीला फळ्यापाशी बोलावतात.