आकड्यांच्या नकाशात आपलं गाव

गाव, तालुका, जिल्हा आपल्याला पाठ आहेत. पण सरकार माणसं मोजायला निघतं, तेव्हा देशाची आणखी एक वाटणी होते. आज तीच समजून घेऊ.

जनगणनेतला सगळ्यात लहान तुकडा म्हणजे प्रगणक गट. साधारण सव्वाशे-दीडशे घरं, एका प्रगणकाला फिरून होतील एवढी. खेड्यात हे गट महसुली गावाच्या हद्दीत पाडतात. वाडी, पाडा, तांडा कितीही लांब असो, तो ज्या महसुली गावाच्या हद्दीत, त्याच गावात मोजला जातो. म्हणून कागदावर ‘गावात नळ आहे’ असं दिसतं आणि वाडीवरच्या बाया विहिरीवरच असतात.

मोजणीआधी हद्दी गोठवतात. मग मोजणी संपेपर्यंत गाव फोडत नाहीत की जोडत नाहीत. नाहीतर एखादी वस्ती दोनदा मोजली जाईल, एखादी सुटून जाईल.

आता गंमत ऐका. ग्रामपंचायत असलेलं गावही जनगणनेत ‘शहर’ ठरू शकतं. 2011च्या मोजणीत त्याच्या तीन अटी होत्या. लोकसंख्या किमान 5,000, चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर. अशी जनगणना शहरं देशात 2001 साली 1,362 होती, 2011 साली जवळपास 3,900 झाली. तिसऱ्या अटीत फक्त पुरुष आहेत, हे लक्षात आलं ना? पुरुष कारखान्यात गेले आणि शेत बायकांनी सांभाळलं, तरी गाव शहरात जमा!

नमुना पाहणीची वाटणी आणखी वेगळी. तिथे शेती, पीकपाणी आणि लोकवस्ती मिळतीजुळती असलेले जिल्हे एकत्र घेतात. नागपूर आणि गडचिरोली महसुलात एकाच विभागात, पण पाहणीत नागपूर अमरावतीच्या बाजूला जातं. गडचिरोली भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात.

या रेषा आपण आखत नाही, पण रेषेच्या आत काय लिहिलं जातं ते आपल्या हातात आहे. प्रगणक आले की वाडीचं नाव सांगा, घर राहिलं असेल तर दाखवून द्या. आणि ‘काम काय करता?’ असं विचारलं की ‘काही नाही’ म्हणू नका. घरच्या शेतात बिनपगारी राबणं हेही जनगणनेत कामच आहे. ते ठणकावून लिहून घ्या.