विनाचालक गाडीवर भरवसा किती? १ ते ७!

भिसेगावकरांनो, कर्जत स्टेशनात गाडीला मागून ढकलणारं बँकर इंजिन लागलं की आपण निर्धास्त घाट चढतो. पण पुढे लोको पायलटच नसेल तर? दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा लाइनवर २८ डिसेंबर २०२० पासून विनाचालक सेवा आहे.

अशा यंत्रांवरचा भरवसा चक्क मोजतात! २००० साली जियान, बिसांत्झ आणि ड्रुरी या संशोधकांनी १२ विधानांची प्रश्नावली केली. प्रत्येक विधानाला १ ते ७ गुण. गंमत म्हणजे पहिली पाच विधानं अविश्वासाचीच.

पण माणूस कागदावर ‘भरवसा आहे’ लिहितो नि पाय हळूच ब्रेक शोधतो. म्हणून कारच्या सिम्युलेटरमध्ये नजर रस्त्याकडे किती वेळा वळते, हात स्टिअरिंगवर कधी जातो, हेही टिपतात. मला तेच खरं वाटतं.

बोरघाटात विनाचालक कारमध्ये बसाल? आकडा टाका. माझा ३.