तीन ‘अनारकली’ आणि एक सुलोचना

सी. रामचंद्र यांच्या संगीताने गाजलेला ‘अनारकली’ आपल्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. १९५३ साल, फिल्मिस्तानचे चित्र, बीना रॉय अनारकली आणि प्रदीपकुमार शाहजादा सलीम. गाणी आजही पाठ असतात. पण सलीमच्या आईचे, जोधाबाईचे काम कोणी केले होते, असे विचारले तर भले भले रसिक अडखळतील.

ती होती सुलोचना. पंचवीस वर्षांपूर्वी, १९२८ साली, याच कथेवरच्या मूकपटात ती स्वतः अनारकली होती. मध्यंतरी १९३५ मध्ये तोच चित्रपट बोलपट म्हणून निघाला, तेव्हाही अनारकली तीच. तिसऱ्या खेपेला मात्र डोक्यावर पदर घेऊन ती आईच्या भूमिकेत उभी राहिली. तेव्हा तिचे वय होते अवघे सेहेचाळीस.

मराठी वाचकांचा येथे घोटाळा होण्याचा संभव आहे. ही सुलोचना म्हणजे भालजी पेंढारकरांच्या तालमीत घडलेल्या आपल्या सुलोचनादीदी नव्हेत. ही त्यांच्या बरीच आधीची. तिचे खरे नाव रूबी मायर्स. जन्म १९०७ मधला, पुण्याचा. घराणे बगदादी ज्यू. मुंबईत ती टेलिफोन ऑपरेटर होती. त्या काळी फोन उचलला की पलीकडून मुलीचा आवाज येई, तिला नंबर सांगायचा आणि ती जोडून देई. म्हणजे रूबीची भाकरी तिच्या आवाजावर होती. नशिबाची गंमत अशी, की पुढे ती देशभर गाजली ती एक शब्दही ऐकू न येणाऱ्या चित्रपटांमुळे!

कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला चित्रपटात काम करण्याविषयी विचारले, तेव्हा तिने साफ नकार दिला. त्यात नवल नव्हते. दादासाहेब फाळक्यांना १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना, शेवटी साळुंके नावाच्या स्वयंपाक्याला लुगडे नेसवावे लागले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर दहा-बारा वर्षे लोटली तरी घरंदाज मुलीने कॅमेऱ्यासमोर उभे राहणे लोकांना पटत नव्हते. म्हणूनच त्या काळच्या कितीतरी नायिका ज्यू किंवा अँग्लो-इंडियन घरांतल्या आणि पडद्यावरचे नाव मात्र हिंदू, असा प्रकार दिसतो. पण ज्यू घरातल्या मुलीलाही सिनेमा काही सहज पचणारा नव्हताच. भवनानींनी चिकाटी सोडली नाही. अभिनयाचा गंध नसलेली रूबी अखेर तयार झाली आणि तिची ‘सुलोचना’ झाली.

नाव अगदी चपखल. मूकपटात सारा कारभार डोळ्यांचाच. संवाद म्हणजे मधूनमधून पडद्यावर येणाऱ्या पाट्या. वाचता न येणाऱ्यांसाठी त्या कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवी आणि पडद्याजवळ पेटी-तबला वाजत असे. राग, लाज, कपट, विरह, सगळे चेहऱ्यावरून कळले पाहिजे. सुलोचनाच्या चेहऱ्याला ते साधले. १९२६ च्या ‘टेलिफोन गर्ल’मध्ये तिला ओळखीचेच काम मिळाले. पुढच्या वर्षी ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’त तर तिने एकटीने आठ सोंगे वठवली. त्यांत पोलीस, माळी आणि केळी विकणारी म्हातारीसुद्धा होती. बहुरूपीपणाचे कौतुक करताना आपण नेहमी नटांचीच नावे घेतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

मग ती अर्देशीर इराणींच्या इंपीरियल कंपनीत गेली. तिथे आर. एस. चौधरी यांच्या दिग्दर्शनाखाली ‘माधुरी’, ‘अनारकली’ आणि ‘इंदिरा बी. ए.’ हे चित्रपट आले आणि तिच्या नावाचा डंका वाजू लागला. १९२८ मध्ये अनारकलीवर दोन चित्रपट एकाच वेळी तयार होत होते. दुसऱ्यातली नायिका सीतादेवी, म्हणजे अँग्लो-इंडियन रेनी स्मिथ. इंपीरियलने घाई करून आपला चित्रपट आधी लावला आणि बाजी मारली. तिचा पगार मुंबईच्या गव्हर्नरापेक्षा जास्त आहे, असे तेव्हा बोलले जाई. ते खरे असो वा नसो, लोकांना ते खरे वाटत होते. खादीच्या प्रदर्शनाचे उद्घाटन करणाऱ्या महात्माजींचा छोटा चित्रपट दाखवला गेला, तेव्हा त्याला ‘माधुरी’तला तिचा नाच आवाजासह जोडला होता. आता याला काय म्हणावे?

तो जोडलेला आवाज हीच पुढच्या संकटाची चाहूल होती. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. पहिला भारतीय बोलपट, तोही इंपीरियलचाच. पण नायिका झुबेदा. कंपनीची सर्वांत मोठी तारका बाजूलाच राहिली, कारण सुलोचनाला हिंदुस्तानी नीट बोलता येत नव्हते. कालपर्यंत जी उणीव कोणाच्या लक्षातही आली नव्हती, ती एका रात्रीत सर्वांत मोठा दोष ठरली. अशा वेळी अनेकजणी मुकाट्याने घरी बसल्या.

सुलोचना बसली ती अभ्यासाला! ऐन पंचविशीच्या उंबरठ्यावर, नाव शिखरावर असताना, तिने वर्षभर काम थांबवून भाषा शिकून घेतली. १९३२ मध्ये ती परतली ती ‘माधुरी’च्याच बोलपटातून. मग एकेक जुने यश तिने बोलके करून दाखवले. ‘अनारकली’ आली, ‘वाइल्डकॅट’ची ‘बंबई की बिल्ली’ झाली, आणि ‘इंदिरा बी. ए.’ तर मधल्या काळात शिकून ‘इंदिरा एम. ए.’ झाली! महिना पाच हजारांचा पगार, स्वतःची शेवरोले मोटार आणि सोबत देखणा नायक दिनशा बिलिमोरिया. ही जोडी पाहायला लोक गर्दी करत.

मात्र हा दुसरा डाव फार काळ चालला नाही. नव्या, गाणाऱ्या नायिका आल्या होत्या. १९३८ मध्ये इंपीरियल बंद पडली. तिने स्वतःची ‘रूबी पिक्स’ ही संस्था काढली होती, पण पूर्वीचे दिवस काही परतले नाहीत. हळूहळू ती चरित्रभूमिकांकडे वळली. १९४७ च्या ‘जुगनू’त ती होती, पण नायिका नूरजहाँ. आणि मग १९५३ चा तो ‘अनारकली’. दिग्दर्शक नंदलाल जसवंतलाल. यांनीच १९३४ मध्ये तिला ‘इंदिरा एम. ए.’मध्ये नायिका म्हणून उभे केले होते. आपलीच भूमिका दुसरी कोणी करत असताना त्याच सेटवर आईचे काम करायचे, हे सोपे नसणार. तिने ते केले, आणि त्यानंतरही मिळतील ती लहानसहान कामे करत राहिली. बासू चटर्जींच्या १९७८ च्या ‘खट्टा मीठा’पर्यंत ती पडद्यावर दिसते.

१९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला देण्यात आला. देविकाराणींनंतर तो मिळालेली ती दुसरी स्त्री. १० ऑक्टोबर १९८३ रोजी मुंबईत तिचे निधन झाले.

त्या काळची नायट्रेट फिल्म झटकन पेट घेई, नाही तर डब्यातच कुजून जाई. आपले बहुतेक मूकपट असेच नाहीसे झाले. १९२८ मधली एकवीस वर्षांची अनारकली आपल्याला पाहायला मिळत नाही. १९५३ चा ‘अनारकली’ मात्र आजही सहज मिळतो. पुन्हा पाहाल तेव्हा बीना रॉयवरून नजर जरा बाजूला वळवा आणि जोधाबाईच्या डोळ्यांकडे पाहा.