रानातील शाळा

भीमा नदी फळ्यावर रेखाटता येते. परंतु तिचे पाणी कोठून व कसे येते, हे रानात गेल्यावाचून उमगत नाही. म्हणून पाचवी ते आठवीच्या विद्यार्थ्यांची भीमाशंकरच्या अरण्यातील सहल ही करमणूक नसून शिक्षणाचेच एक अंग होय.

येथे उगम पावणारी भीमा पुढे सोलापूर जिल्ह्यातील उजनीचे धरण भरते. १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या या रानात महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू राहतो. तो सहसा जमिनीवर न उतरता झाडावरून झाडावर जातो. मधले झाड तुटले की त्याची वाटच तुटते.

मुलांनी वर पाहावे, तसे खालीही पाहावे. पावसाच्या थेंबाचा जोर पानांवर व पालापाचोळ्यावर मोडतो आणि पाणी जमिनीत मुरते. उघड्या उतारावर तोच थेंब माती उखडून नेतो.

गावी परतल्यावर याचा पडताळा घ्यावा. दोन्ही बाजूंनी उघडा असा पत्र्याचा डबा झाडाखालच्या भुसभुशीत जमिनीत थोडा दाबून बसवावा व त्यात एक लिटर पाणी ओतावे. पाणी मुरण्यास लागलेला वेळ मुलांनी लिहून ठेवावा. मग तोच प्रयोग तुडवलेल्या पायवाटेवर करावा. प्रत्येक ठिकाणी तीनदा मोजल्यास फरक खात्रीने कळतो.

सहलीपूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी. दर दहा मुलांमागे एक जाणता मनुष्य असावा. पावसाळ्यात ओढे ओलांडू नयेत. आग्या मोहोळाजवळ धूर वा गलका करू नये. सर्पदंशावरील लस कोणत्या रुग्णालयात मिळते, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. दंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये. मुलाला न चालविता, धीर देत तत्काळ तेथे न्यावे.

कामाच्या दिवसांत घरचे दोन हात कमी होतात, ही पालकांची अडचण खोटी नव्हे. यास्तव ग्रामसेवकांनी शिक्षकांशी विचारविनिमय करून, खरिपाची मळणी व रब्बीची पेरणी उरकल्यावर सहल ठरवावी. ज्या मुलाने पाणी मुरताना स्वतः मोजले आहे, तो बांधावरचा पाचोळा पेटवू पाहणाऱ्या वडिलांना थांबवील. शेतातील माती शेतातच राखण्याचा तो आरंभ ठरेल.