दुय्यम डिस्कचे स्थानांतर, संगणकातील

संगणकाची परिचालन प्रणाली जिच्यावर असते, त्या डिस्कव्यतिरिक्त केवळ माहिती साठविण्यासाठी जोडलेल्या डिस्कला दुय्यम डिस्क म्हणतात. संगणक बदलताना ती काढून नव्या संगणकात बसविता येते. मात्र डिस्क जोडली जाणे व तिच्यावरील माहिती वाचता येणे या भिन्न गोष्टी आहेत.

आयबीएम कंपनीने १९६२ मध्ये आणलेल्या १३११ या यंत्रातील सु. ३५ सेंमी. व्यासाच्या ६ तबकड्यांचा संच काढून तशाच दुसऱ्या यंत्रात बसविता येई. त्यात सु. २० लक्ष वर्ण मावत. १९८० नंतरच्या वैयक्तिक संगणकांत डिस्कचे नियंत्रक मंडल वेगळ्या कार्डावर असे. डिस्कवरील मूळ आखणी त्या मंडलाबरहुकूम होत असल्याने दुसऱ्या प्रकारच्या कार्डाला ती पुष्कळदा वाचता येत नसे. १९८६ च्या सुमारास आलेल्या आयडीई पद्धतीत हे मंडल डिस्कमध्येच सामावले गेले आणि ही अडचण बव्हंशी दूर झाली.

साटा पद्धतीच्या डिस्कला माहितीची व विद्युत् पुरवठ्याची अशा दोन केबली लागतात. पट्टीच्या आकाराची एम.२ डिस्क साटा किंवा एनव्हीएमई पद्धतीची असू शकते. त्यामुळे नव्या संगणकातील खाच तिच्या पद्धतीची आहे की नाही हे आधी पाहावे लागते. जुना संगणक पूर्ण बंद करून व वीजजोडणी तोडूनच डिस्क काढतात. संगणक सुप्तावस्थेत असताना ती काढल्यास फाइलींच्या नोंदी अपुऱ्या राहण्याचा संभव असतो.

जोडणी योग्य असली, तरी नव्या परिचालन प्रणालीला डिस्कवरील फाइल व्यवस्था ओळखता यावी लागते. उदा., लिनक्समधील एक्स्ट ४ ही व्यवस्था विंडोज प्रणाली स्वतःहून वाचत नाही. अशा वेळी डिस्क फॉरमॅट करण्याविषयी विचारणा होते. ही सूचना माहिती नष्ट झाल्याची निदर्शक नसते. परंतु ती स्वीकारल्यास नवी व्यवस्था जुन्या नोंदींवर लिहिली जाऊन माहिती खरोखरच हातची जाऊ शकते. म्हणून ती नाकारून प्रथम कारण शोधणे इष्ट असते.

डिस्क कूटबद्ध असल्यास धोका अधिक असतो. बिटलॉकर पद्धतीत दुय्यम डिस्क आपोआप उघडण्यासाठी लागणारी किल्ली जुन्या संगणकाच्या मुख्य डिस्कवर ठेवलेली असते. नव्या संगणकात संकेतशब्द किंवा ४८ अंकी पुनःप्राप्ती किल्ली द्यावी लागते. ती हरवल्यास डिस्क निर्दोष असूनही माहिती मिळत नाही. जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वीच ती जपून ठेवणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

दस्तऐवज व छायाचित्रे अशा रीतीने नव्या संगणकात उपलब्ध होतात. पण दुय्यम डिस्कवर बसविलेल्या आज्ञावलींच्या नोंदी बहुधा जुन्या मुख्य डिस्कवर असल्याने त्या पुन्हा बसवाव्या लागतात. स्थानांतरापूर्वी माहितीची दुसरी प्रत अन्यत्र करून ठेवतात व नव्या संगणकात सर्व फाइली उघडत असल्याची खात्री होईपर्यंत ती पुसत नाहीत.