फॉर्मॅलिन: वास कशाचा आणि हाताळायचं कसं

मागच्या व्याख्यानात आपण आम्ल आणि आम्लारी यांच्या साठवणुकीबद्दल बोललो होतो. आज विषय एकाच द्रव्याचा आहे, पण ते द्रव्य जीवशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत असतं. पडद्यावर जी बरणी दिसते आहे, तशी आपण सगळ्यांनी कॉलेजात पाहिलेली असते. आत एखादा बेडूक किंवा साप, वर घट्ट झाकण आणि झाकण उघडलं की डोळ्यांत पाणी आणणारा वास. हे फॉर्मॅलिन.

आधी नावांचा घोळ मिटवू या. फॉर्मल्डिहाइड हा वायू आहे; तो उणे 19 अंश सेल्सिअसलाच उकळतो. हा वायू पाण्यात विरघळवला की फॉर्मॅलिन होतं. बाजारात मिळणाऱ्या तीव्र फॉर्मॅलिनमध्ये वजनाने साधारण 37 टक्के फॉर्मल्डिहाइड असतं, आणि ते टिकावं म्हणून बहुतेक वेळा 10 ते 15 टक्के मिथेनॉल घातलेलं असतं. म्हणजे बाटलीत एक नव्हे, दोन विषारी द्रव्यं आहेत, आणि मिथेनॉलमुळे तिची वाफ पेटूही शकते. प्रयोगशाळेत ज्याला आपण '10 टक्के फॉर्मॅलिन' म्हणतो, ते या तीव्र द्रावणाचा 1 भाग आणि पाण्याचे 9 भाग. त्यात प्रत्यक्ष फॉर्मल्डिहाइड 4 टक्क्यांच्या आसपासच असतं. लेबल वाचताना इथे गफलत फार होते. तेव्हा बाटलीवर 'तीव्र, 37 टक्के' की 'तयार, 10 टक्के' हे स्पष्ट लिहिलेलं हवं.

आता हे ऊती टिकवतं कसं? 1893 साली फर्डिनांड ब्लूम या जर्मन डॉक्टरांनी पाहिलं की फॉर्मल्डिहाइडमध्ये ऊती कडक होतात आणि कुजत नाहीत. कारण असं, की फॉर्मल्डिहाइडचा छोटासा रेणू प्रथिनांच्या साखळ्यांना चिकटतो आणि दोन साखळ्यांमध्ये पूल बांधतो. प्रथिनं जागच्या जागी जखडली जातात. आता बघा, बरणीतल्या बेडकाची प्रथिनं आणि आपल्या डोळ्यांची, नाकाची, कातडीची प्रथिनं यांत या रेणूला काहीच फरक कळत नाही. वाफ नाकातल्या ओलाव्यात चटकन विरघळते आणि तिथल्या प्रथिनांशी तीच क्रिया सुरू करते. ज्या गुणामुळे ते उपयोगी आहे, त्याच गुणामुळे ते त्रासदायक आहे.

त्रास तीन पातळ्यांवर समजून घेऊ. पहिली पातळी लगेचची: डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं, खोकला. दुसरी अ‍ॅलर्जीची: काही जणांची त्वचा वारंवार संपर्कानंतर संवेदनशील होते, मग अगदी विरल द्रावणानेही पुरळ उठतं, आणि ही संवेदनशीलता सहसा जात नाही. तिसरी दीर्घकाळची: जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली फॉर्मल्डिहाइडला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांत घातलं. म्हणून 'आमच्या वेळी आम्ही उघड्या हाताने बरण्या साफ करायचो, काही झालं नाही' हे ऐकून सोडून द्यावं.

किती प्रमाण जास्त? अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत आठ तासांच्या सरासरीसाठी मर्यादा 0.75 पीपीएम आणि पंधरा मिनिटांसाठी 2 पीपीएम आहे. हे आकडे डोळ्यांसमोर आणायला एक छोटा हिशेब करू. 10 मीटर लांब, 8 मीटर रुंद, 3 मीटर उंच प्रयोगशाळा घ्या. 240 घनमीटर हवा झाली. तिथे 2 पीपीएम होण्यासाठी सुमारे 0.6 ग्रॅम फॉर्मल्डिहाइड पुरतं. तीव्र फॉर्मॅलिनच्या 1 मिलिलिटरमध्ये ते साधारण 0.4 ग्रॅम असतं. म्हणजे दीड मिलिलिटरमधलं सगळं फॉर्मल्डिहाइड हवेत गेलं, तर अख्खी खोली पंधरा मिनिटांच्या मर्यादेपर्यंत जाते. चहाच्या चमच्याच्या तिसऱ्या भागापेक्षाही कमी! प्रत्यक्षात सगळं एकदम उडत नाही आणि खिडक्यांतून हवाही बदलते, हे खरं. पण सांडणाऱ्या माणसाच्या नाकाजवळची हवा खोलीच्या सरासरीपेक्षा कितीतरी वाईट असते, हेही तितकंच खरं.

आणि नाकावर विसंबून राहू नये. थोड्या वेळाने नाक या वासाला सरावतं. वास कमी झाला असं वाटतं, हवा मात्र तीच असते.

आता हाताळणी. तीव्र फॉर्मॅलिन ओतणं, विरल करणं, बरण्या भरणं हे फ्यूम हूडमध्येच. हूड नसेल तर तीव्र द्रावण घेण्याऐवजी तयार 10 टक्के द्रावण विकत घ्यावं. मोठा धोका तिथेच टळतो. हातमोजे नायट्राइलचे घ्यावेत, लेटेक्सचे पातळ मोजे यासाठी योग्य नाहीत, आणि द्रावण उडालं की मोजे लगेच बदलावेत. डोळ्यांना बाजूंनी बंद असलेला गॉगल; साधा चष्मा पुरत नाही. अंगात अ‍ॅप्रन, पायांत बंद बूट. मास्कबद्दल मोठा गैरसमज आहे. कापडी, सर्जिकल किंवा एन-95 मास्क कण अडवतात, वायू अडवत नाहीत. त्यासाठी फॉर्मल्डिहाइडचं खास कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो.

विच्छेदनाआधी नमुना वाहत्या पाण्यात नीट धुवून घ्यावा. एवढ्यानेही टेबलावरची वाफ बरीच कमी होते.

साठवण थंड पण अति थंड नको. फ्रिजमध्ये ठेवलं तर तळाशी पांढरा साका बसतो, तो पॅराफॉर्मल्डिहाइड. ज्वाळेपासून दूर ठेवावं, आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या शेजारी कधीच ठेवू नये. दोघांच्या वाफा एकत्र आल्या तर बिस-क्लोरोमिथाइल ईथर हे प्रखर कर्करोगकारक द्रव्य तयार होऊ शकतं. वापरलेलं फॉर्मॅलिन बेसिनमध्ये ओतायचं नाही. वेगळ्या, घट्ट झाकणाच्या, लेबल लावलेल्या कॅनमध्ये जमा करून रासायनिक कचरा म्हणूनच द्यायचं.

सांडलं तर? थोडं असेल तर खिडक्या उघडा, बाकीच्यांना बाहेर पाठवा, मोजे-गॉगल घालून शोषक पदार्थाने टिपून घट्ट पिशवीत बंद करा. जास्त असेल तर पुसायला थांबू नका. सगळे बाहेर, दार बंद, आणि प्रशिक्षित माणसाला बोलवा. डोळ्यांत गेलं तर कॉन्टॅक्ट लेन्स काढून सलग 15 मिनिटं पाण्याने धुवा आणि मग डॉक्टरांकडे जा. कातडीवर पडलं तर भिजलेले कपडे काढून भरपूर पाणी. पोटात गेलं तर उलटी करवू नका, थेट रुग्णालय गाठा. श्वासाचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो, म्हणून खूप वाफ घेतलेल्या माणसाला 'आता बरं वाटतंय' म्हणून घरी पाठवू नये.

2018 च्या जुलैमध्ये गोव्यात मासळीतल्या फॉर्मॅलिनवरून गदारोळ झाला आणि बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी आली, हे आपल्याला आठवत असेल. ताटातल्या फॉर्मॅलिनची आपल्याला भीती वाटते, ते योग्यच आहे. पण विद्यार्थी वर्षातून चार-पाच प्रात्यक्षिकांना ही वाफ घेतो आणि प्रयोगशाळेतले परिचर मामा ती वर्षानुवर्षं घेतात. बरण्यांतलं द्रावण बदलणं, टेबलं धुणं, कॅन उचलणं ही कामं त्यांच्याकडेच असतात, आणि पुष्कळदा मोजे आणि गॉगल मात्र फक्त शिक्षकांच्या कपाटात असतात.

म्हणून आमची एक विनंती. हे व्याख्यान पाहणाऱ्यांत जे शिक्षक आहेत, त्यांनी या आठवड्यात तीन गोष्टी तपासाव्यात: बाटल्यांवरची लेबलं, फ्यूम हूडचा पंखा खरंच हवा ओढतो का, आणि परिचरांच्या हातांच्या मापाचे मोजे कपाटात आहेत का. विद्यार्थ्यांनी हेच तीन प्रश्न आपल्या शिक्षकांना विचारायला हरकत नाही.

पुढच्या वेळी आपण फिनॉलबद्दल बोलू. आता प्रश्न घेऊ या.