एका टक्क्याचे अंतर

फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यात बुलढाणा जिल्ह्यातील दोन जवान कामी आले, तेव्हा सारा जिल्हा शोकाकुल झाला. हुतात्म्यांचे ऋण समाज जाणतो. परंतु जो जवान मुदत पुरी करून बधिर बोटांनिशी गावी परततो, त्याचा विचार फायलीपलीकडे क्वचितच होतो.

मनगटातील अरुंद वाटेने तळहाताकडे जाणारी नस दबली, की अंगठा, तर्जनी व मध्यमा यांना मुंग्या येतात. पुढे स्पर्श हरपतो आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग झिजतो. डॉक्टर यास ‘कार्पल टनेल’ म्हणतात. हात दिसावयास मात्र शाबूत! आपल्या भागात कापूस वेचणे म्हणजे अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीचे काम. नेमकी तीच चिमूट गेलेल्या माणसाचे नुकसान किती टक्के मानावयाचे?

लष्कराचे वैद्यकीय मंडळ हा आकडा ठरविते. अपंगत्व सेवेमुळे उद्भवले वा बळावले असले पाहिजे आणि ते किमान २० टक्के भरले पाहिजे, अशा दोन अटी आहेत. पूर्ण अपंगत्वास शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते. शिवाय २० ते ४९ टक्क्यांचे अपंगत्व ५० टक्के धरले जाते. ही सवलत मुदत संपवून निवृत्त होणाऱ्यांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार खटल्यात डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले. आता हिशेब मांडू. शेवटचे वेतन ४०,००० रुपये धरले, तर २० टक्केवाल्यास दरमहा ६,००० रुपये. आणि मुदत संपवून निवृत्त झालेल्या १९ टक्केवाल्यास शून्य. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने असा आलेख काढला असता, तर आम्ही त्यास चढाऐवजी कडा का काढलास, असे विचारले असते. २०२३ च्या नव्या नियमांनी नावे बदलली. कडा तिथेच आहे.

अमेरिकेत याच नसेच्या सौम्य दुखण्यास १० टक्के मिळतात व तेवढ्यावरही भत्ता सुरू होतो. मध्यम दुखणे उजव्या, म्हणजे कामाच्या हाताचे असेल तर ३० टक्के, दुसऱ्या हाताचे असेल तर २०. तेथील पद्धत निर्दोष आहे असे नव्हे. पण पायऱ्या तरी आहेत.

दुसरी अटही चिवट आहे. ही नस मधुमेहानेही दुखावते, थायरॉइडच्या विकारानेही. मग कंप पावणारी यंत्रे हाताळण्यात वा जुन्या मोडलेल्या मनगटात तिचे मूळ आहे, हे सिद्ध कोणी करावयाचे? धरमवीर सिंग खटल्यात २०१३ मध्ये न्यायालयाने जवानाच्या बाजूने कौल दिला: भरतीच्या वेळी विकाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळे नाही हे दाखविण्याचा भार सरकारवर. ही गोष्ट खेड्यातील किती माजी सैनिकांस ठाऊक असेल?

मंडळाने नकार दिल्यास आधी दोन लेखी अपिले करता येतात. त्यानंतरचे सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे पीठ मुंबईस. लोणारच्या माणसास ते दूरच. पण अपिलाचा अर्ज गावातच लिहावयाचा असतो, आणि रुग्णालयाची जुनी कागदपत्रे लावून, मुदतीत, मुद्देसूद अर्ज लिहून देणारा शिक्षक वा कारकून प्रत्येक गावी आहे.